ओले

फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार.
दुपारी तीनची वेळ मिळाली होती कलेक्टोरेटमध्ये.
महिनाभर आमची नावं फळ्यावर लागलेली,
वय एकोणसाठ, वय त्रेसष्ट,
अंकी आणि अक्षरी.
हरकत घ्यायला कुणी आलं नाही.
खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं होतं.

जयेंद्रगंजाच्या तोंडाशी रिक्षा आली
आणि आभाळ वांग्याच्या सालीसारखं काळंजांभळं.
टपावर एक दगड वाजला, मग चार,
मग मोजणं राहूनच गेलं.
"ओले हैं, मैडम," म्हणत त्यानं रिक्षा
गजकवाल्याच्या पत्र्याखाली घुसवली.

ओले.
सांगलीहून बावीस वर्षांची मी इथे आले,
त्या पहिल्याच माघात सासूबाई आतून ओरडल्या,
"अगं, ओले पडतायत, कपडे काढ!"
मी म्हटलं, ओलेच असतील तर
राहू देत की अजून थोडा वेळ.
मधुकरच्या दोन शर्टांची चाळण झाली.
पुढे एकतीस वर्षं, कुणीही पाहुणा आला
की तो हे सांगायचा,
आणि सांगण्याआधीच हसायला लागायचा.

आत दुकानात तिघं जण तीळ कुटत होते.
बाहेरचा मार आणि आतल्या मोगऱ्या,
ठोका कुणाचा, कळेना.
अच्युत काहीतरी म्हणायला वळला.
अक्षता म्हणणार, हे मला दिसलं.
डोळ्यांनीच गप्प केलं त्याला.
सुपारीएवढ्या होत्या, डोकी फोडणाऱ्या.

बावीस मिनिटं.
मग रस्ता खडेमिठाचा.
आडव्या पडलेल्या स्कूटी,
एका मोटारीच्या काचेवर कोळ्याचं जाळं,
एक पोरगं स्टीलच्या वाटीत गारा भरतंय,
आणि अख्ख्या बाजारात कुणी हॉर्न वाजवत नाही.
ग्वाल्हेरात इतकी शांतता
मी कर्फ्यूतसुद्धा ऐकली नव्हती.

फोन लागायला लागले.
सक्सेनाजी फूलबागेशी, झाडाच्या पलीकडे.
कुंदा शितोळे घरातच, जिन्यात पाणी.
बाबू म्हणाले, लाईट नाही,
रेकॉर्डरूमचा पत्रा फुटलाय, फाईली भिजल्या,
उद्या सेकंड सॅटर्डे, सोमवारी बघू.
आमची फाईल? "उसी में होगी, साहब."

म्हणजे आमची नावं आता
कुणाच्या तरी हरवलेल्या शेताच्या सातबाऱ्याला
चिकटून वाळणार.

गजकवाल्यानं दोन तुकडे पुढे केले, पैसे घेतले नाहीत.
सारखा एकच नंबर लावत होता तो.
मुरैन्याला भावाची सरसू उभी होती,
होती की आहे, तेच विचारायचं होतं त्याला.
आम्ही तुकडा तोंडात धरून उभे.
चावला तर आवाज होईल म्हणून
तसाच विरघळू दिला.

रिक्षा पुढे जाईना. चालत निघालो.
माझी मोरपंखी साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली,
त्याचे नवे बूट प्रत्येक पावलाला कुरकुरणारे.
त्याचं घर कंपूला, माझं त्याच्या उलट दिशेला.
तिठ्यावर थांबलो.
सोमवारपर्यंत कोण कुठे, हे काही ठरलं नव्हतं.
ठरवलेल्या यादीत हा दिवसच नव्हता.

"घरी ये," मी म्हटलं. "मोजे वाळत घालू."
मोजे का म्हणाले, देव जाणे.
हिरव्या पाल्याचा खच तुडवत आम्ही वळलो,
कुणी एकट्यानंच झाडं ओरबाडून ठेवावीत
तसा वास येत होता, कच्चा, कडू.

फाटकाशी शेजारची मुलगी गच्चीतून वाकली,
नुकती दिल्लीहून आलेली, तिला काहीच माहीत नाही.
"काकू, काय झालं हो इकडे?"

आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या तोंडून सहज निघालं,
"ओले पडले गं."

अच्युत हसला नाही.
त्याला ती गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.